उलटणाऱ्या गाईचं इंजेक्शन

त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एक प्रमाणपत्र, मोटारसायकलच्या मागे बांधलेली नायट्रोजनची टाकी आणि खांद्यापर्यंत चढणारे प्लास्टिकचे हातमोजे, एवढाच त्याचा दवाखाना. गाय माजावर आली की गोठेवाले फोन करायचे. हा जायचा, टाकीतून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढायचा, कोमट पाण्यात धरून अर्धा मिनिट मोजायचा आणि गाईने शेपटी हलवायच्या आत काम उरकून हात धुवायला लागायचा. अडीच-तीन महिन्यांनी परत जाऊन गाय गाभण आहे की रिकामी, हे नुसता हात घालून सांगायचा. त्यात तो वाकबगार होता. माणूस आवडत नाही म्हणून त्याच्या हाताला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्या वर्षी कुणी डॉक्टर म्हटलं की तो "अहो, मी कसला डॉक्टर" म्हणायचा. दुसऱ्या वर्षी नुसता हसायचा. बारा वर्षांनी अशी गत झाली होती की कुणी नावाने हाक मारली तर साहेबांना ऐकूच जात नसे. किराणा दुकानदार डॉक्टर म्हणायचा, पंक्चरवाला डॉक्टर म्हणायचा, सख्खी आईसुद्धा शेजारणीला सांगताना "आमचा डॉक्टर" म्हणायची. एखादी गोष्ट शंभर जणांनी रोज सांगितली की माणूस ती खरी मानून बसतो, आणि याला तर मुळातच ती खरी असावी असं फार वाटत होतं.

अशा माणसाच्या घरी लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं. म्हणजे थट्टा होणारच. ज्याचा सगळ्यात मोठा गोठा होता, नव्वद गायींचा, तो मालक तोंडाचा फाटका. चार गड्यांसमोर म्हणायचा, "डॉक्टर, माझ्या गोठ्यात तुमच्या हातची पन्नास वासरं बागडतायत. घरी जाईपर्यंत टाकी रिकामी होते का काय?" दूध काढणारे गडी बादलीत तोंड घालून हसायचे. डॉक्टरही हसायचा. हातमोजा उलटा करून ओढत ओढत हसायचा, आणि घरी येऊन चार दिवस बायकोशी बोलायचा नाही.

बायको दूध संकलन केंद्रात कामाला होती. लोक किटल्या घेऊन यायचे, ती चमचाभर दूध यंत्राला लावायची, फॅटचा आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. बाई किडकिडीत, मोजकं बोलणारी, आणि आकड्याला पक्की. गोठेवाल्यांनी गोड बोलून पाहिलं, दम देऊन पाहिलं, पण तीन पूर्णांक चारचे तीन पूर्णांक पाच तिने कधी कुणाला करून दिले नाहीत. म्हणून केंद्रात तिला मान होता. घरी मात्र सासू तिला तिच्या तोंडावर भाकड म्हणायची. तेही रागाने नाही. मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्या सहज. "भाकड जनावराला कुणी एवढी वर्षं खुराक घालत नाही, आम्ही घालतोय," असं ती पानात वाढता वाढता म्हणायची, आणि डॉक्टर मान खाली घालून जेवत राहायचा.

दवाखान्यात जायचं बायकोने ठरवलं. याने दोन वर्षं टाळाटाळ केली. "माझी काय तपासणी करायची? मी दुसऱ्यांची करतो," म्हणायचा. शेवटी गेला. बायकोच्या अहवालात दोष निघाला, पाळी अनियमित, बीज वेळेवर सुटत नाही. याच्याही अहवालात निघाला, आणि थोडाथोडका नव्हता. ते पान त्याने घडी घालून पाकिटात ठेवलं आणि आईला सांगितलं, "तिच्यात आहे." म्हातारीला काय, तिला ते आधीच माहीत होतं.

दवाखान्यातली मॅडम शांत बाई होती. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. रोज संध्याकाळी सातला एक इंजेक्शन, त्याने अंडाशयातली बीजं वाढतील. ती पुरेशी मोठी झाली की एक शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर बरोबर छत्तीस तासांनी बीजं बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचे. "आता नीट ऐका," मॅडम बायकोला म्हणाली. "तुमच्या अंडाशयांत बारीक बीजं फार आहेत. औषध जरा जास्त झालं तर सगळी एकदम उठतील. पोटात पाणी साठेल, रक्त घट्ट होईल, जिवावर बेतेल. म्हणून मी हात आखडता ठेवलाय. सव्वाशे. त्याच्यावर एक आकडासुद्धा नाही."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला. "आमच्याकडेही हीच हार्मोनं असतात, मॅडम. मी त्याच लाइनीत आहे."

"असतील," मॅडम म्हणाली. "पण इथं मी सांगेन तेवढंच."

एवढंच म्हणाली हो. आवाजसुद्धा चढवला नाही. पण सिस्टरच्या देखत म्हणाली, आणि ते याच्या जिव्हारी लागलं.

सिस्टरने बायकोला इंजेक्शनचं पेन कसं वापरायचं ते शिकवलं. फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. मागची चकती फिरवून आकडा लावायचा. दर वेळी नवी सुई. बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून कातडी चिमटीत धरायची, टोचायचं, दाबायचं, दहा मोजून मगच सुई काढायची, वापरलेली सुई झाकणाच्या डब्यात टाकायची. किती घेतलं आणि कधी घेतलं, ते डायरीत लिहायचं. बायकोने पहिल्याच खेपेला बिनचूक करून दाखवलं. सिस्टर म्हणाली, "यांना कुणाची मदत लागणार नाही."

घरी आल्यावर सात वाजता बायको पेन घेऊन पलंगावर बसली, तर याने ते तिच्या हातातून काढून घेतलं. "मी असताना तू कशाला?" तिने दिलं. त्याचा हात हलका होता, दुखलं नाही, आणि पहिले पाच दिवस सगळं बिनबोभाट पार पडलं.

सहाव्या दिवशी सोनोग्राफी झाली. बीजं अजून लहान होती. मॅडम म्हणाली, "छान चाललंय. घाई नाही. हाच डोस." बायकोचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरचा नाही. त्याच दुपारी तो नव्वद गायींच्या गोठ्यावर गेला, आणि मालकाला कुठून कळलं कोण जाणे, त्याने दारातच विचारलं, "वहिनींना शहरात नेताय म्हणे? एवढा मोठा डॉक्टर घरात असून?" गडी हसले. याने एका गाईला उगाच रट्टा दिला आणि तिथून निघाला.

संध्याकाळी त्याने पेनची चकती फिरवली ती सव्वाशेवर थांबलीच नाही. बायको दिवसभर आकडेच वाचायची, तिला लगेच दिसलं.

"अहो, सव्वाशे."

"दिसतंय मला."

"मग हे दोनशे का?"

"गाय माजावर येत नसली तर आम्ही हात जोडून बसतो का? डोस वाढवतो."

"मी गाय नाहीये."

"तेच तर ना. गाय असतीस तर एव्हाना गाभण असतीस."

असं बोलला. बायकोच्या पोटाची कातडी एका हाताच्या चिमटीत धरून बोलला. टोचून झाल्यावर त्याने डायरी तिच्यापुढे सरकवली. "सव्वाशेच लिही." जिने आठ वर्षांत दुधाचा एक आकडा वाकडा लिहिला नव्हता, तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनशे, तिसऱ्या दिवशी पुन्हा, चौथ्या दिवशीही. वेळेआधी संपलेल्या पेनच्या जागी दुसरं आणायला डॉक्टरला अडचण आली नाही. गुरांची औषधं तो ज्या मेडिकलमधून घ्यायचा, तिथल्या माणसाने मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो पाहिल्यासारखं केलं आणि पेन काढून दिलं. त्यानेही डॉक्टरच म्हटलं.

दहाव्या दिवशी सोनोग्राफी करताना सिस्टर मोठ्याने बीजं मोजत होती. वीसनंतर तिचा आवाज बारीक झाला आणि मग बंदच झाला. रक्ताचा अहवाल दुपारी आला. मॅडमने दोघांना आत बोलावलं, दार लावलं.

"सव्वाशेवर एवढं होत नाही," ती म्हणाली. "चुकून जास्त गेलं असेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही. जास्त गेलं असेल तर मी सगळं इथंच थांबवते. हा महिना जाईल, पण बाई सुखरूप राहील."

"डायरीत लिहिलंय ना," डॉक्टर म्हणाला. "हिच्याच हातचं अक्षर आहे."

मॅडमने बायकोकडे पाहिलं. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "हो," ती म्हणाली. "सव्वाशेच."

ती का खोटं बोलली, असं विचारणं सोपं आहे. महिना गेला असता तर घरी म्हातारी होती. आणि लपवण्यात काय अर्थ, तिलाही मूल हवं होतं. आठ वर्षं टोमणे खाल्लेल्या बाईला त्या खोलीत वाटून गेलं असेल की जास्त आली तर आली, कुठलं तरी एक रुजेल. पण तिची एक चूक आणि त्याची चूक एकाच तागडीत घालू नका. तिला त्याच्या घरी परत जायचं होतं.

मॅडमचं समाधान झालं नव्हतं. म्हणून तिने शेवटचं इंजेक्शन बदललं. "आधी जे लिहून दिलं होतं, ते आता यांना विषासमान आहे. फ्रिजमध्ये असेल ते परत आणून द्या. त्याच्याऐवजी हे. परवा सकाळी नऊला बीजं काढायची, म्हणजे आज रात्री बरोबर नऊला द्यायचं. आणि गर्भ या महिन्यात पोटात सोडणार नाही. गोठवून ठेवू, अंडाशयं निवली की पुढं बघू."

डॉक्टरने नव्या औषधाचं खोकं हातात घेतलं, मागचं नाव वाचलं आणि त्याच्या ओठाला हसू आलं. हे औषध तो ओळखत होता. गायींना देतात त्याच जातीचं. कितीदा दिलं होतं आणि कितीदा गाय उलटली होती. एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली की गोठेवाले 'गाय उलटली' म्हणतात, आणि दोष गाईला नाही, सुई देणाऱ्याला लावतात. तीन-तीन वेळा उलटणाऱ्या हट्टी गाईसाठी तो दुसरं एक जालीम औषध राखून ठेवायचा. आणि मॅडमने आता नको म्हटलेलं, घरच्या फ्रिजमध्ये असलेलं औषध, ते नेमकं त्या जातीचं होतं. ते वाया गेलेलं त्याला आठवत नव्हतं. मॅडम भित्री आहे, असं त्याचं मत झालं. पुस्तकं वाचलेली माणसं भित्रीच असतात, असंही त्याचं मत होतं.

रात्री नऊला त्याने नवं इंजेक्शन पोटात दिलं, अगदी सांगितल्याप्रमाणे. बायको साडी सारखी करून उठायला लागली, तर म्हणाला, "थांब. पालथी हो."

"आता काय?"

"अजून एक आहे."

"मॅडमनी एकच सांगितलंय. ते दुसरं परत द्यायला सांगितलंय ना?"

"बारा वर्षं मी काय गवत उपटतोय? हो पालथी."

ती पालथी झाली. त्याच्या पिशवीतली सुई जाड होती. मागच्या मांसात गेली तशी तिने उशी दातात धरली. यावेळी हात हलका नव्हता.

बीजं निघाली चौतीस. डॉक्टरला आभाळ ठेंगणं झालं. सिस्टरने जुनं इंजेक्शन मागितलं, तर म्हणाला, "हातातून पडून फुटलं." तिथून तडक नव्वद गायींच्या गोठ्यावर गेला आणि मालक काही विचारायच्या आत म्हणाला, "चौतीस. त्यांच्या दवाखान्यात एवढी कधी निघाली नाहीत." मालकाने कमरेत वाकून नमस्कार केला. गडी हसले, पण यावेळी बरं हसले, आणि तो दिवस डॉक्टरच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस असावा. पाच दिवसांनी फोन आला की नऊ गर्भ चांगले आहेत, गोठवून ठेवलेत.

त्याच दिवशी बायकोच्या परकराची नाडी पोटाला रुतायला लागली होती. फ्रिजवर दवाखान्याचा कागद चिकटवलेला होता, त्यावर मोठ्या अक्षरात सगळं होतं: रोज वजन करा, लघवी कमी झाली, धाप लागली, एका दिवसात किलोभर वजन वाढलं, तर कोणत्याही वेळी फोन करा. वजन दीड किलो वाढलेलं होतं. तिने ते सांगितलं. सासू म्हणाली, "काही नाही, नाटकं. चार दिवस लोळायचं निमित्त. आम्ही बाळंतपणं करून तिसऱ्या दिवशी धुणं धुतलंय."

डॉक्टरने काय केलं? टेप आणली. गाईच्या छातीचा घेर मोजून वजन काढायची, त्याच्या पिशवीतली टेप. बायकोला भिंतीशी उभं करून पोटाचा घेर घेतला आणि आकडा मनात ठेवला. दुसऱ्या दिवशी घेतला तेव्हा चार इंच जास्त भरला. आता खोटं नको बोलायला, तो घाबरला. त्याने मोबाइल काढला, दवाखान्याचा नंबरही काढला. मग त्याला मॅडमचा तो आवाज आठवला. ती पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "पाणी पीत जा भरपूर. उतरेल." आणि कामावर गेला. दुपारी दोन गायींना कांडी भरली, आणि तीन महिन्यांपूर्वी भरलेली एक तपासली ती गाभण निघाली.

ओकाऱ्या सुरू झाल्या तरी त्याने फोन केला नाही. दिवसभरात वाटीभरही लघवी झाली नाही, तरी नाही. तिला आडवं पडता येईना, बसून बसून ती भिंतीला टेकली, तरी नाही. फोन शेवटी तिनेच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो आंघोळीला गेलेला असताना, अर्ध्या अर्ध्या शब्दावर थांबत. "सिस्टर, मला श्वास पुरत नाहीये." रुग्णवाहिका आली तेव्हा हा कमरेला पंचा गुंडाळून दारात उभा होता.

पोटातून साडेचार लिटर पाणी काढलं. रक्त इतकं घट्ट झालेलं की सुईत नीट येईना. तिसऱ्या दिवशी तिच्या डाव्या कुशीत अशी कळ उठली की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. फुगलेलं अंडाशय स्वतःभोवती पिळून गेलं होतं. तिला आत नेलं, आणि बाहेर आणलं तेव्हा ते अंडाशय काळं पडलेलं निघालं म्हणून काढून टाकलेलं होतं.

मॅडमने डॉक्टरला खाटेपासून चार पावलांवर, पडद्याबाहेर बोलावलं. तिच्या हातात रक्ताचा अहवाल होता.

"जे औषध मी बंद केलं, ते यांच्या रक्तात सापडलंय. ते कुणी दिलं?"

डॉक्टरने अहवालाकडे पाहिलंच नाही. "तिनंच घेतलं असणार, मॅडम," तो म्हणाला. "बायकांना घाई असते. मी दिवसभर गोठ्यांवर असतो, मला काय माहीत? डायरीही तीच लिहायची."

पडदा कापडाचा होता. आत बायको डोळे मिटून पडली होती, पण जागी होती.

मॅडमने अहवालाची घडी घातली. मग म्हणाली, "पेशंट बोलायला लागली की मी तिच्याकडून लेखी घेणार. त्यात तुमचं नाव आलं तर तुमच्या पशुसंवर्धन खात्याला कळवणं मला भाग आहे. जनावरांना सुई मारायचा परवाना माणसांवर चालत नाही. परवाना जाईल, पोलीस येतील ते वेगळं."

तेव्हापासून डॉक्टर खाटेच्या उशाशी बसला तो हलेना. बायकोचं तोंड पुसायचा, पाय चेपायचा, चमच्याने पाणी पाजायचा. आठ वर्षांत न केलेली सेवा त्याने पाच दिवसांत केली, आणि शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "नशीबवान आहेस गं." सासू डबा घेऊन आली. डबा उघडता उघडता सुनेच्या कानाशी म्हणाली, "तुझं जायचं ते गेलंच. आता त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस." सुनेने डबा खाल्ला नाही.

सहाव्या दिवशी मॅडम येऊन सांगून गेली की अकरा वाजता मी कागद घेऊन येते. साडेदहा वाजले होते. बायकोने सिस्टरला बोलावून काहीतरी मागितलं, आणि सिस्टर एक छापील अर्ज ठेवून गेली. सासू बाहेर बाकावर होती. डॉक्टर खुर्चीत.

"मी लिहून देते," बायको म्हणाली. आवाज बसलेला होता, पण शब्द एकेक सुटा. "दोन्ही औषधं मीच घेतली. तुम्हाला न सांगता. डायरीत माझंच अक्षर आहे, कुणी शंका घेणार नाही. तुमचा परवाना राहील, लोक डॉक्टर म्हणतात तेही राहील."

डॉक्टरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिचा हात धरायला तो पुढे झाला. तिने हात चादरीखाली घेतला.

"पण आधी याच्यावर सही करा."

त्याने अर्ज वाचला. गोठवलेले नऊ गर्भ नष्ट करावेत, आम्हा दोघांची संमती आहे. तिची सही खाली झालेली होती.

"वेडी झालीस का?" तो म्हणाला. "यासाठीच तर सगळं केलं. आता एकच अंडाशय उरलंय तुझं, पुन्हा एवढी निघणार आहेत का? ही आपली पोरं आहेत."

"माहीत आहे."

"मग?"

"माझं काहीही तुमच्या हातात ठेवायचं नाही मला. मी इथून माझ्या बहिणीकडे जाणार. ही नऊ इथं राहिली तर उद्या तुम्ही आणि सासूबाई मला पुन्हा या खाटेवर आणाल. मी नाही आले तर दुसरी कुणी आणाल. मला तुम्ही माहीत आहात."

"आई काय म्हणेल? नातवाची वाट बघतेय ती."

"त्यांना सांगा, उलटली."

अर्ज गुडघ्यावर, पेन हातात. त्याला मूल नको होतं असं नाही, एवढं तरी त्याच्या बाजूने म्हणायला हवं. रस्त्यात कुणाचं लेकरू दिसलं की तो मोटारसायकल हळू करायचा. नऊपैकी एक जरी जगलं असतं तरी ते त्याचं असतं, आणि मोठं झाल्यावर त्याला बाबा म्हणालं असतं. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकराला दहा मिनिटं कमी होती. बाहेर मॅडमचा आवाज ऐकू आला, ती शेजारच्या खोलीत शिरत होती.

"आणि तू नक्की लिहून देशील?" त्याने विचारलं. "नंतर फिरणार नाहीस?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. याला आठ वर्षं ओळखत होती, तरी हा प्रश्न इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नसावं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. "नाही फिरणार," ती म्हणाली.

त्याने सही केली. तिने अर्ज घेतला, दुधाची वही तपासावी तसा वरपासून खालपर्यंत वाचला, दिनांक राहिला होता तो त्याला घालायला लावला, आणि मगच उशीखाली ठेवला. मॅडम आल्यावर तिने कबूल केल्याप्रमाणे सगळं स्वतःवर घेऊन लिहून दिलं. मॅडमचा त्यातल्या एका अक्षरावर विश्वास बसला नाही, पण लिहिणारी शुद्धीवर होती आणि सही तिची होती. मग उशीखालचा अर्ज तिने सिस्टरच्या हातात दिला.

सिस्टरने तो दोनदा वाचला. "दोघांचाही विचार पक्का आहे ना?" तिने विचारलं. "नंतर काही करता येत नाही."

"पक्का आहे," डॉक्टर म्हणाला, आणि मोटारसायकलची किल्ली काढून उभा राहिला, कारण नव्वद गायींच्या गोठ्यावरून सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता.